मागल्या पडवीत थांबलेली पालखी

देवीवर माझा राग होता, हे आधीच सांगतो. ट्रकने येणारे हर्णेचे सुके बोंबील आणि सोडे सायकलला टोपली बांधून देवरूखच्या आसपासच्या वाड्यांत विकत मी उभा राहिलो. घर बांधलं, दुकान टाकलं. मग झालेली एकुलती मुलगी, शकू, बोलेना. हाक मारली तरी बघेना. डॉक्टरांनी मतिमंद म्हणून सांगितलं. गावात बोललं जाई की याने खोट्या मापाने पैसा केला आणि तो पोरीला भोवला. मी माप कधी मारलं नाही. पण एका शिमग्यात ढोल ऐकून शकू किंचाळू लागली, तेव्हा गावच्या मानकऱ्याने पालखी माझ्या अंगणाच्या तोंडावरून माघारी फिरवली. त्यानंतर मी देवळाची पायरी चढलो नाही.

शकू जगत होती ती पेजेवर. तीच जर्मलची वाटी, तीच भिंतीकडची जागा. दुसरं काही ओठाला लागलं तर तिला उमासे येत. साल पंच्याऐंशीच्या आसपास, थंडी सरताना, तिने पेजही टाकली. वाटी नाकाशी न्यायची, हुंगायची, दूर सारायची आणि मागल्या पडवीच्या दाराकडे बघत बसायची. त्या पडवीत कोणी नसे. माझ्या म्हाताऱ्या आईचं अंथरूण आणि तिची चार गाडगी, एवढंच. पण शकू अशी बघे, की तिथून कोणीतरी आत येतंय. भर दुपारी, घर चिडीचूप असताना, ती नजर पाहून माझ्या अंगावर काटा येई. बायकोने त्या दाराला कडी घातली, तर पोर कडीकडे बघू लागली. तिच्या तोंडाचे कोपरे फाटले, फणीत केसांचे पुंजके येऊ लागले. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पोर हाताला लागणार नाही.

देवरूखला अशा मुलांच्या आईबापांसाठी एक बाई आहाराचा वर्ग घेत. बायकोने मला ओढत नेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेजेत काही मिसळता का? औषध, अंगारा, काहीही? या मुलांच्या जिभेला चिमूटभरही कळतं. एकदा फसवणूक कळली की तो पदार्थच सोडतात."

"मला भेसळ विचारता?" मी उठून उभा राहिलो. "बाजारात उभा वाढलोय मी. माझ्या दुकानात मिठातसुद्धा वाळू मिसळत नाही, आणि पोरीच्या पेजेत मी काय घालणार?"

"मी तुम्हाला चोर म्हटलं नाही, भाऊ. घरात बघा, एवढंच म्हटलं."

मी चपला घालून निघालो. बायको मागे वर्ग संपेपर्यंत बसून राहिली, त्याचाही मला राग आला.

तेवढ्यात शिमगा आला, आणि यंदा पालखी माझ्या दारीही येणार होती. आमच्याकडे पालखी दारी यायच्या आधी घरवाला आवारात नारळ पुरतो. खांदेकऱ्यांना जागा ठाऊक नसते. पालखीचा दांडा ओढेल तिकडे ते जातात, आणि दांडा टेकतो तिथे नारळ निघतो. याला खूण काढणं म्हणतात. मी मुद्दाम विहिरीकडे रचलेल्या चिऱ्यांखाली नारळ दडपला. निघाला नाही तर मानकऱ्याला चारचौघांत विचारणार होतो, की माझी पोर खोटी की तुमची खूण?

पालखी भर उन्हात आली. शकूच्या कानांवर हात ठेवून बायकोने तिला माजघरात नेलं. ढोल वाजत होते, खांद्यावरची पालखी डुलत होती. विहिरीकडे ती वळलीसुद्धा नाही. घराच्या कडेने, जिथून कधी पालखी गेली नव्हती अशा अरुंद बोळातून, ती मागे निघाली. पुढचा खांदेकरी गणपा ओरडला, "अरे थांबवा, भिंत लागंल!" पण त्याचेच पाय फरफटत पुढे जात होते. ढोलवाले एकेक करून थांबले. त्यांना कोणी थांबा म्हटलं नव्हतं. खांदेकऱ्यांच्या टाचा जमिनीवर घासल्याचा आवाज तेवढा राहिला.

दांडा मागल्या पडवीत शिरला, खाली झुकला आणि आईच्या एका गाडग्यावर टेकला. चार जणांनी जोर लावला, तरी उचलेना. मी वर पाहिलं तर आतल्या दारात शकू उभी. कडी आपण काढली नव्हती, असं बायको आजही सांगते. शकू किंचाळली नाही. गाडग्याकडे बघत होती.

गुरवाने गाडग्यात हात घातला. आत देवीच्या अंगाऱ्याच्या पुड्या होत्या. आई मटकन खाली बसली.

"मीच घालत होते गो पेजेत," ती देवीला म्हणाली. "पोर बोलंल म्हणून. कोणाला नाय सांगितलं."

गुरवाने पुड्या पालखीत ठेवल्या. "देवीनं आपलं परत घेतलंन, म्हातारे. रडू नको." आणि पालखी फुलासारखी उचलली गेली.

माझा स्वभाव संशयी. दुसऱ्या दिवशी गणपाला गाठलं. "खरं सांग, कोणी पढवलं तुला?"

"मना काय म्हायती? दांडा वढत होता, मी पाठून गेलंव. तूच ये की फुडल्या वक्ताला खांद्याला!"

याउपर मला काही सापडलं नाही. मी शोधणंही सोडलं.

मी बाईंकडे परत गेलो. त्यांनी मागचं काही काढलं नाही. पेज शकूच्या डोळ्यांदेखत शिजवा म्हणाल्या, तिला हात घालून बघू द्या. शेजारी नव्या पदार्थाचा एक तुकडा ठेवा, मग तो नाचणीच्या भाकरीचा असो की मासळीचा. खा म्हणू नका, शाबासकी देऊ नका. शेजारी बसून आपलं आपण जेवा, तिच्या तोंडाकडे बघू नका.

"किती दिवसांत खाईल, तेवढं सांगा."

"असा सौदा मी करत नाही, भाऊ."

पेज ती हळूहळू पुन्हा घेऊ लागली. शेजारचा तुकडा मात्र रोज तसाच राही. मी रोज दुकान बंद करून दुपारी तिच्याशेजारी बसे. आयुष्यभर समोरच्याच्या चेहऱ्यावरून भाव ओळखणारा माणूस मी, मान खाली घालून जेवायला शिकलो. त्याहून कठीण काम मी केलेलं नाही.

शकू अजून बोलत नाही. त्या मानकऱ्याशी माझं अजून वाकडं आहे, तेवढं माझ्याकडून सुटलं नाही. पण देवीपुढे आता मी काही मागत नाही. तिला ठाऊक होतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी रागावून बसलो असतानाही ती माझ्या मागल्या दाराने आली. ऋण कसं फेडायचं ते मला कळत नाही, म्हणून नुसता हात जोडतो.

एका दुपारी मी पेजेचा भुरका मारत होतो. शकूच्या ताटात भाजलेल्या बोंबलाचा तुकडा होता. शेजारून कुरकुर आवाज आला. थांबला. पुन्हा आला. दारात उभ्या माझ्या म्हाताऱ्या आईने पदर तोंडात धरला. माझे डोळे भरून आले होते, पण मी मान वर केली नाही. जेवत राहिलो.