सरपंचाचे हकीम

माझे थोरले दीर कुणालाही भेटले की आधी अंगठ्यानं दाबून बघायचे. पाहुण्यांच्या पोराचा गाल, नव्या सोफ्याची गादी, भिंतीचा ओला गिलावा, आणि एकदा तर आमच्या व्याह्यांचं पोट. जन्मभर केळी दाबून पाहिलेला माणूस. कच्चं की पिकलं हे अंगठ्याला कळतं, आणि जे अंगठ्याला कळत नाही ते या जगात नाहीच, असा त्यांचा ठाम समज. व्याह्यांचं पोट दाबून त्यांनी भर बैठकीत "वात धरलाय" असं जाहीर केलं होतं. ते व्याही अजून त्यांच्या शेजारी बसत नाहीत.

घरात आम्ही त्यांना हकीम म्हणायचो. तोंडावर भाऊजी, पाठीमागे हकीम. बुऱ्हाणपुरात खरे हकीम पुष्कळ आहेत, ते शिकूनसवरून नाडी धरतात, त्यांचा अपमान करायची माझी इच्छा नाही. आमच्या हकिमांनी नववीत शाळा सोडली, जसोंडी गावातली केळीची बाग धरली, आणि त्या बागेत जे काही कळलं ते सगळ्या सृष्टीला लावून मोकळे झाले. केळीला पाणी जास्त झालं की मूळ कुजतं, म्हणून माणसानं पाणी बेतानं प्यावं. त्यांच्याच धाकट्याला मुतखडा झाला तेव्हा म्हणाले, खत कमी पडलं. केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं वेळेवर काढली नाहीत तर मूळ झाड दुबळं होतं, म्हणून पोरांना लवकर वसतिगृहात टाकावं. दोन्ही पोरं इंदूरला गेली ती तिकडचीच झाली, यात नवल ते काय.

दर गुरुवारी ते केळीची एक फणी घेऊन राजपुऱ्यात माझ्याकडे यायचे. ओट्यावर बसायचे, चहा प्यायचे, आणि कप खाली ठेवायच्या आत कशावर ना कशावर इलाज सुरू. "टेन्शन नको घेऊ सुलभा, मी सांगतो तुला." हे वाक्य आलं की माझ्या कपाळाची शीर उडायला लागायची. माझा गुडघा धरला होता तेव्हा त्यांनी एरंडेल चोपडलेलं केळीचं पान तव्यावर गरम करून बांधायला लावलं. गुडघा होता तसाच राहिला, वर कातडी भाजून निघाली. पुढच्या गुरुवारी फोड बघून काय म्हणाले? "हां, मतलब दवा लागू पडली. आतली गरमी बाहेर आली." अशा माणसाशी काय बोलणार? दगडावर डोकं आपटलं तर निदान दगडाला आवाज तरी येतो.

तरी मी त्यांना येऊ नका म्हणाले नाही. माझे मिस्टर गेले तेव्हा सगळे नातेवाईक तेराव्याचं जेवून आपापल्या गावाला गेले, आणि या माणसाचा त्यानंतर एक गुरुवार चुकला नाही. पाऊस असो, लग्नसराई असो, फणी घेऊन हजर. याचं मोल मला कळत होतं. पण मोल कळलं म्हणून मूर्खपणा कमी वाटतो असं थोडंच आहे.

आता सरपंच. सरपंच म्हणजे माझा पोपट. पिल्लू असताना घरामागच्या चिंचेवरून पडला, पंख मोडला, तो मी उचलून घरात आणला. पोपट पाळणं कायद्यात बसत नाही हे मलाही ठाऊक आहे. मोडक्या पंखाचं पिल्लू मांजराच्या तोंडी द्यावं हे माझ्या मनात बसलं नाही. दारात येईल त्याला तो आधी रागवायचा, मग ओळख दाखवायचा, म्हणून त्याचं नाव सरपंच. दूधवाल्याला म्हणायचा, "पाणी किती घातलं?" मला म्हणायचा, "बाई, जेवली का?" घरात दिवसभर मला हे विचारणारं दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा तो माझा कोण होता हे मी वेगळं सांगत नाही. भाऊजी ओट्यावर बसले की तो पिंजऱ्यातून त्यांच्याच आवाजात "मी सांगतो तुला" म्हणायचा. भाऊजींना वाटायचं, पोपट त्यांना मानतो.

मागच्या हिवाळ्यात भाचीच्या लग्नाला मला खंडव्याला जायचं होतं. सरपंचाला कुठे ठेवायचं? शेजारणीचं बोट त्यानं आधीच फोडलेलं. भाऊजी म्हणाले, "माझ्याकडे दे. बागेत राहील मजेत." पिंजरा जसोंडीला गेला. लग्न आटोपून मी परतले, त्याच दिवशी ते पिंजरा घेऊन दारात हजर. पिंजऱ्यावर वरपासून खालपर्यंत एक पांढरी पिशवी चढवलेली. केळीचा घड थंडीनं काळवंडू नये म्हणून त्यावर चढवतात ना, तीच. तापीकाठची थंडी केळीला सोसत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण त्यावरून पोपटाला बॅग घालायची हे फक्त आमच्या हकिमांनाच सुचू शकतं.

"घडाला घालतो तर याला का नको?" ते म्हणाले. चेहऱ्यावर असं तेज, जणू मोठा शोध लावून आले. "थंडी सगळ्यांना सारखीच. होळीपर्यंत काढू नको."

मी बॅग वर करून पाहिलं. सरपंच दांडीवर नव्हता, पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुगवून बसला होता. मी हाक मारली. त्यानं डोळा अर्धवट उघडला आणि परत मिटला. हातात मिरची धरली तर मिरचीकडे न बघता माझ्या बोटाला कडकडून चावला. इतक्या वर्षांत तो मला कधी चावला नव्हता. बोटापेक्षा ते मला जास्त लागलं.

"रुसलाय," भाऊजींनी निदान केलं. "तू सोडून गेली ना. ठीक होऊन जाईल."

दुसऱ्या दिवशी विष्ठा पातळ हिरवी, चोचीतून लाळ, श्वासाबरोबर शेपटी वरखाली. एक शब्द नाही. दूधवाला आला, दूध घालून गेला, सरपंच गप्प. दूधवाला जाताना म्हणाला, "काकी, आज काही बोलला नाही तो," आणि मला तिथंच रडू फुटलं. मी भाऊजींना फोन केला, कारण बाग सोडून घरी आल्यापासूनच तो असा होता, काय खाल्लं-प्यालं ते त्यांनाच माहीत. गुरुवार नव्हता तरी ते धावत आले. आल्या आल्या पहिली गोष्ट केली ती म्हणजे सरकलेली बॅग नीट ओढून घेतली. मग इलाज सुरू. नजर लागली असेल, मीठमोहऱ्या उतरव. पोटात गरमी असेल, धण्याचं पाणी दे. सर्दी असेल, ओव्याची धुरी दे. धुरी द्यायला त्यांनी निखारेही मागितले. मी म्हणाले, "भाऊजी, त्याला श्वास घेता येत नाही आणि तुम्ही धूर काय घालता?" तर म्हणे, "केळीच्या बागेत आम्ही थंडीत धूर करतोच."

मी पिंजरा उचलला आणि गुरांच्या दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली. ते मागे मागे आले. "गुरांची डॉक्टर ती. म्हैस बघणार की पोपट?" हे त्यांनी वाटेत निदान चारदा म्हटलं असेल. मी पिंजरा मांडीवर घट्ट धरून बसले.

डॉक्टरबाई वयानं लहान, बोलणं तुटक. बाहेरच्या बाकावर जसोंडीचाच एक शेतकरी शेळी घेऊन बसला होता. भाऊजींना पाहून तो अदबीनं उठला, "दादा, तुम्ही इथं?" गावात केळीवर काही रोग पडला की लोक भाऊजींनाच विचारायला येतात, तेवढी अक्कल त्यांना आहे, हे मी कबूल करते. तो माणूस आमच्यामागून आत येऊन दारात उभा राहिला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात नवीन काय झालं? रंग दिला? फवारा मारला? डासांचं औषध?"

"काहीच नाही," भाऊजी म्हणाले.

बाईंनी पिंजऱ्यावरची बॅग काढली. नाकाजवळ नेली आणि झटकन लांब केली. "हे कुठलं?"

"कापड आहे. साधं."

सत्तरी ओलांडलेला माणूस, शाळकरी पोरासारखा खोटं बोलत होता, कारण दारात त्यांच्या गावचा माणूस उभा होता. मला त्यांची इतकी किळस आधी कधी आली नव्हती. मूर्खपणा मी तीस वर्षं सोसला, पण हे काही वेगळंच होतं.

डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "काका, विषबाधा दिसते. कुठलं औषध अंगात गेलं ते कळलं तर त्यावरची सुई आहे माझ्याकडे. नाही कळलं तर मी अंदाजानं देणार. एवढ्याशा जिवाला अंदाज सोसत नाही."

सरपंच थरथरत होता. टेबलाच्या पत्र्यावर त्याच्या नखांचा बारीक आवाज येत होता. भाऊजींनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा पोपटाकडे. मग टोपी काढून हातात घेतली.

"घडाला बॅग चढवायच्या आधी फवारा मारतो बाई," ते म्हणाले. "ही मागच्या हंगामातली. शेडमध्ये फवाऱ्याच्या डब्यांजवळ पडून होती, एक डबा गळत होता. मी उन्हात वाळवली. वाळली म्हणजे उडून गेलं, असं वाटलं मला." आणि मग त्यांनी औषधाचं नाव सांगितलं, पंपात किती झाकणं टाकतात तेही सांगितलं. आवाज खणखणीत, दारातल्या माणसाला ऐकू जाईल असा. "धुतली नाही. मीच घातली. हिला काही माहीत नव्हतं."

दारातला माणूस शेळी घेऊन हळूच बाहेर सरकला. बाईंनी सुई दिली, चोच आणि पाय पुसून घेतले, पिंजरा साबणानं धुवायला सांगितला. पोपट पाळण्याबद्दल त्या म्हणाल्या, "त्याचं नंतर बघू, आधी जगू दे." बॅग त्यांनी कचऱ्यात टाकली.

परतताना मी रिक्षात भाऊजींना सोडलं नाही. पोपट म्हणजे केळीचा घड नव्हे, माणूस म्हणजे केळीचं खोड नव्हे, तुमच्या इलाजांनी आजवर कुणाचं काय भलं झालं ते एक तरी दाखवा, असं सगळं बोलले. तीस वर्षांचं साठलेलं होतं. रिक्षावाला आरशातून बघत होता तरी मी थांबले नाही. ते मध्ये काही बोलतील याची मी वाट बघत होते, म्हणजे आणखी बोलता आलं असतं. ते फक्त "हो" म्हणाले.

सरपंच वाचला. आधी भिजवलेली डाळ खाल्ली, मग दांडीवर चढला, आणि एका सकाळी दूधवाल्याला पुन्हा पाण्याचा हिशेब विचारला. डावा पाय अजून लुळा पडतो, एवढं राहिलंय.

भाऊजी गुरुवारी येत राहिले. फणी ठेवायचे, चहा प्यायचे, पिंजऱ्यापासून लांब ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसायचे. बोलायचं म्हणजे पाऊस आणि गाडीची गर्दी. शेजारीण त्यांच्यासमोर ढोरासारखी खोकली, ते गप्प. माझी कढी फाटली, ते गप्प. अशी शांतता मिळावी म्हणून मी काय काय नाही केलं, इच्छापूरच्या देवीला नवस बोलायचा तेवढा राहिला होता. ती मिळाली आणि मला खायला उठली. गुरुवार आला की माझी चिडचिड व्हायची. या माणसाला गप्प बसणंही नीट जमत नाही, असं वाटायचं.

यंदा दिवाळीनंतर त्यांनी बाग बटाईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याला कसायला दिली. इंदूरला धाकट्याकडे राहायला निघाले. जायच्या दिवशी सामानाची रिक्षा दारात उभी करून ते ओट्यावर टेकले. मी म्हणाले, "भाऊजी, थंडी सुरू झाली. सरपंचाला काय घालू?"

"डॉक्टरबाईंना विचार."

"डॉक्टरबाईंना विचारायला मला तोंड आहे. मी तुम्हाला विचारतेय."

त्यांनी खाली चपलेकडे पाहिलं. मग अगदी हळू, परीक्षेला बसल्यासारखे म्हणाले, "जुनी सुती साडी. पण धुवून." मग चप्पल पायात सरकवत म्हणाले, "दोनदा धुवून."

एवढं तर कुणीही सांगितलं असतं. तरी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी दारात उभी राहून मोठ्यानं सांगत होते, "बरं भाऊजी. दोनदा धुते."