मिनार कापलेला व्हिडिओ

केर्केना बेटावर लग्न कुणाचंही असो, बायकांच्या बाजूचं शूटिंग मोंजियाच करते. त्या व्हिडिओची एकच प्रत निघते आणि ती थेट वधूच्या आईच्या हातात पडते. पुरुषांना ती बघायला मिळत नाही, मग तो नवरदेव का असेना! इतक्या वर्षांत मोंजियाच्या हातून एक दृश्य इकडचं तिकडे गेलं नाही.

यंदा तिनं वेगळंच काम अंगावर घेतलं होतं. पोटासाठी बेट सोडून गेलेल्या लोकांनी आपलं एक समाजमाध्यम थाटलंय. त्याला एक मालक नाही. समोरच्या किनाऱ्यावरच्या स्फाक्सवाल्यांचा सर्व्हर वेगळा, समुद्रापलीकडच्या मार्सेयवाल्यांचा वेगळा, जो तो आपापला चालवतो, आणि एकाकडे टाकलेलं बाकीच्यांकडे आपोआप पोचतं. स्फाक्सचा सर्व्हर तिचा भाचा विसेम सांभाळतो. वर्गणीतून घेतलेला जुना संगणक तो, त्याला मोठा घास गिळवत नाही. हौशी मंडळी सुंतेचे अख्खे सोहळे त्याच्या घशात कोंबतात आणि चढत नाही म्हणून विसेमच्या नावानं शंख करतात. मोंजियाचे लग्नाबाहेरचे व्हिडिओ मात्र हलके करून आलेले असतात, ते पहिल्या झटक्यात चढतात.

यंदा तिथं टाकायचा व्हिडिओ होता म्हाताऱ्या कोळ्याचा, तिजानीकाकांचा. काका मातीची मडकी समुद्राच्या तळाशी सोडतात आणि ऑक्टोपस बीळ समजून आत जाऊन बसतो. पाण्यावर खूण म्हणून काही तरंगत नाही, जागा काकांच्या डोक्यात. अशी जागा बाप मुलाला सांगतो, दुसऱ्या कुणाला नाही. मोंजियाच्या बापाला मुलगा नव्हता, त्याची जागा त्याच्याबरोबर कबरीत गेली. मोठ्या बोटींनी तळ खरवडून नेल्यापासून या बाजूला भरवशाची अशी काकांचीच मडकी उरलीत, आणि म्हातारा-म्हातारीचं पोट त्यांच्यावरच आहे. मार्सेयला राहणाऱ्या त्यांच्या लेकीनं आपल्या मुलासाठी हट्ट धरला, म्हणून काकांनी मोंजियाला होडीत घेतलं.

काम झकास झालं. काका मडकं वर ओढतात, ऑक्टोपस त्यांच्या मनगटाला विळखा घालतो आणि काका बोळक्या तोंडानं खदखदून हसतात. मोंजियानं वाऱ्याचा घोंगाट कमी केला, बोलण्याच्या ओळी खाली दिल्या, कॅमेऱ्यानं फाइलमध्ये गुपचूप नोंदवलेलं ठिकाण पुसलं, आणि चित्र खराब न होऊ देता फाइल हलकी करून एक्सपोर्ट केली.

मग चहा घेऊन ती नेमाप्रमाणे आवाज बंद करून व्हिडिओ बघायला बसली. याला ती सासूच्या नजरेनं बघणं म्हणते. जे दिसायला नको ते सासूलाच आधी दिसतं.

काकांच्या हसऱ्या चेहऱ्यामागे मशिदीचा मिनार होता, शेंडा तुटलेल्या खजुरीच्या बरोब्बर डोक्यावर. छान दिसतंय म्हणून तिनंच ते तसं टिपलं होतं. मोंजियानं व्हिडिओ तिथंच थांबवला. समुद्रात जागा शोधायची तर मिनार खजुरीवर येईल ती रेष धरायची, हे कोळ्याच्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. त्या रेषेवर तळाशी लोखंडी आकडा ओढत गेलं की काकांची मडकी कुणाच्याही हाती लागली असती.

तेवढ्यात विसेमचा फोन. "मावशी, टाकताय ना? मार्सेयवाले डोकं खातायत माझं."

"थांब. मिनार दिसतोय."

"मग काय झालं? मिनार काय कुणी चोरून नेणारे?"

"मिनार नाही रे गाढवा, काकांची मडकी!"

"एवढं कुणाला कळतंय, मावशी!"

"ज्याला कळायला नको, त्यालाच कळेल."

"बरं, टाका तर खरं. कुणी बोललं तर पुसू."

"तुझ्याकडचं पुसशील. बाकीच्या सर्व्हरांवर गेलेलं तुझ्या हुकमानं परत येतं का?"

काही सर्व्हर पुसतात, काही पुसत नाहीत, हे विसेमनंच तिला शिकवलं होतं.

मोंजिया पुन्हा बसली. दृश्य गाळलं तर ते हसू जाणार. मग तिनं चौकटच आवळली, इतकी की चेहरा, मनगट आणि ऑक्टोपस एवढंच उरलं. व्हिडिओ पुन्हा एक्सपोर्ट केला, पण चढवण्याआधी काकांच्या घरी नेला.

काकांनी फोन नाकाशी धरून बघितला. "मिनार कुठं गेला?"

"कापला."

काकांनी बायकोकडे, खदूजाकाकूंकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "मी सांगत नव्हते, पोरगी विश्वासाची आहे म्हणून?"

"मिनार असलेलं आधीचं आहे, की पुसलंस?" काकांनी विचारलं.

"आहे. आत्ता पुसते."

"पुसू नकोस. उद्या कॅमेरा घेऊन होडीत ये."

दुसऱ्या दिवशी होडी त्याच जागी थांबली. काकांनी मिनार आणि खजुरीकडे बोट केलं. "ही एक रेष. आता दुसरी, ती हिला छेदते तिथं मडकी. हे माझ्या नातवासाठी, कुठं चढवायचं नाही."

मोंजियानं कॅमेरा फळीवर टेकवला. "तुम्ही सांगा काका, मी कान झाकून घेते."

"कान झाकलेस तर आवाज नीट येतोय की नाही ते कोण बघणार? माझी म्हातारी?" काका हसले. मग हसू ओसरलं. "तुझ्या बापानं तुला सांगायला हवं होतं, पोरी. चुकलाच तो. ऐक."

त्यांनी सांगितलं. मोंजियानं ऐकलं, आणि तिला कॅमेऱ्यात काही दिसेना, इतके डोळे भरले.

मिनार कापलेला व्हिडिओ त्याच संध्याकाळी सगळ्या सर्व्हरांवर फिरला. मार्सेयहून नातवानं हसण्याची चित्रं धाडली. नातवासाठीचा दुसरा व्हिडिओ तिनं मिनार न कापता, जराही हलका न करता एक्सपोर्ट केला, एकच प्रत काढली आणि ती खदूजाकाकूंच्या हातात ठेवली.