गाऱ्हाण्याला पुरेल एवढा दम

आमच्या घरी गणपतीत गाऱ्हाणं मीच घालतो. शाळा चौथीपर्यंतच, पण आवाज असा की विक्रोळीच्या आमच्या चाळीत वरच्या मजल्यापर्यंत जातो. देवापुढे नारळ ठेवायचा, घरासाठी मागणं मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी "होय म्हाराजा!" म्हणायचं. मात्र मागणं एका दमात गेलं पाहिजे.

गेल्या गणपतीत माझा दम तुटला. "ह्या घरात कोणाक दुखणाबाणा येवचा असात..." इथेच. पुढे "तर ता सात समुद्रापलीकडे टाक" म्हणायचं राहिलं होतं. लोकांना वाटलं, झालं. सगळे जोरात, "होय म्हाराजा!"

म्हणजे दुखणं येऊ दे म्हणून अख्ख्या घराने देवाला साकडं घातलं. पोरं हसून लोळली. धाकटा भाऊ हसला नाही. जेवताना म्हणाला, "दादा, माघात सत्यनारायण आहे. तेव्हा मी घालू काय गाऱ्हाणं?"

"मी मेल्यावर घाल," म्हटलं. पण दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला.

डॉक्टरने छातीला नळी लावली, छाती ठणठणीत आहे म्हणाला. मग दम जातो कुठे?

"मोबाईलात," बायको म्हणाली. "सकाळपासून दशावतार बघत कोलंबीसारखे वाकून बसता. हनुवटी छातीवर, पोटाची घडी. श्वासाला जागा कुठाय? आता उभे राहता तेसुद्धा तसेच."

"तुला काय कळतं!"

ती भाजी आणायला गेली तेव्हा दार लावलं, वाकून बसलो नि तेच मागणं म्हटलं. समुद्रापर्यंत पोचलोच नाही. मग भिंतीला पाठ लावून ताठ बसलो. समुद्र ओलांडला!

ती परत यायच्या आत टेबलावर पिठाचा डबा, त्यावर तांदळाचा, नि त्यावर मोबाईल टेकवला, बरोबर डोळ्यांसमोर. तिला भाकरी करायच्या होत्या. "अहो, देवासारखा मांडलात की! हार घालू?"

"पीठ घे नि डबा होता तिथे ठेव," म्हटलं. रोज पाठ ताठ करून तिथेच बसायचो.

माघात भाऊ नवा सदरा घालून माझ्या बाजूलाच उभा राहिला, तयारीत. मी दुखण्याबाण्याचं मागणं धरलं. मध्यावर आलो तसे सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी थांबलोच नाही. दुखणं समुद्रापलीकडे टाकलं, तरी छातीत दम शिल्लक होता. त्यात बायकोच्या गुडघ्यांसाठीही मागून घेतलं.

"होय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज भावाचा.