आर्किटेक्ट आणि सतरा टक्के ओल

मला आर्किटेक्ट केलं ते एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत. तंजावुरात झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आमची कंपनी होती. पाच माणसं, चार कॉम्प्युटर आणि भिंत हादरवणारा एक प्रिंटर. देश नुकताच जगाला दारं उघडून बसला होता आणि आमचे मालकही दार उघडं ठेवून गिऱ्हाइकांची वाट बघत होते. त्या दिवशी मद्रासहून आलेल्या एका गिऱ्हाइकानं विचारलं, "तुमचा आर्किटेक्ट कोण?" मालकांनी खोलीभर नजर फिरवली. बाकीच्यांचे हात सांबारभातात होते. माझा डबा उघडायचा होता. म्हणून मी.

आठवड्याभरात कार्डं छापून आली. मालकांनी मला काचेचं टेबल दिलं आणि माझा कॉम्प्युटर उचलून आतल्या खोलीत नेला.

"मग मी काम कशावर करू?" मी विचारलं.

"आता तुम्ही काम करायचं नाही, विचार करायचा," मालक म्हणाले. "आर्किटेक्टला कीबोर्ड बडवताना गिऱ्हाइकानं पाहिलं तर काय वाटेल त्याला?"

खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. उलट मी शर्ट इस्त्री करून घालायला लागलो.

राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत ही बातमी भलत्याच अर्थानं पोचली. वडिलांचे एक चुलतभाऊ प्लॉटचा नकाशा घेऊन आले. आमच्या मराठी-तमिळच्या खिचडीत त्यांनी विचारलं, "मोरी ईशान्येला चालेल का रे?" मी इमारतींचा नव्हे, सॉफ्टवेअरचा आर्किटेक्ट आहे, हे सांगायला हवं होतं. पण हुद्दा एव्हाना अंगात भिनला होता. मी नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणालो, "पश्चिमेला घ्या." वडील पेपरामागून हसले.

आतल्या खोलीत, माझ्याच जुन्या कॉम्प्युटरवर आता एक मुलगी बसायची. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, कुंभकोणमहून रोज बसनं येणारी. मी पांढऱ्या फळ्यावर चौकोन काढायचे, चौकोनांना बाण जोडायचे. तिनं त्यातून चालणारा प्रोग्रॅम काढायचा. ती प्रश्न विचारायची. "डिटेल नंतर बघू," असं मी म्हणायचो. हे वाक्य मी मालकांकडून उचललं होतं आणि ते मला शोभतं, असा माझा समज होता.

दीड वर्षानं पापनाशमच्या एका भातगिरणीचं काम आलं. भाताची गाडी वजनकाट्यावर चढली की वजन, शेतकऱ्याचं नाव, गाव, भाताची जात असं सगळं स्क्रीनवर भरायचं. त्यात ओलीचा आकडाही होता. भात जितका ओला, तितकं वजन कापायचं. फळ्यावर मी ठणकावून लिहिलं: ओल भरल्याशिवाय स्क्रीन पुढे जाणार नाही. मुलगी म्हणाली, "सार, ओल काट्यावरच मोजतात का? एकदा जाऊन बघू या?" मी म्हणालो ते तुम्हाला माहीत आहेच.

प्रोग्रॅम गिरणीत बसला. पोंगल उलटला, सांबा हंगामाच्या भाताची कापणी सुरू झाली आणि काट्यावर भांडणं होताहेत म्हणून गिरणीच्या मॅनेजरचा फोन आला. "आर्किटेक्टलाच पाठवा," असा त्याचा आग्रह. मी ऐटीत बस पकडली.

गिरणीच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग होती. वजनकाट्याच्या केबिनमध्ये एक मध्यमवयीन बाई शांतपणे टाइप करत होती. मी मागे उभा राहून पाहिलं. प्रत्येक गाडीला ओल सतरा टक्के.

"सगळ्यांची सतराच कशी?" मी विचारलं.

"ओल मोजतात तिकडे, गोदामात, गाडी उतरवल्यावर," ती मान न वळवता म्हणाली. "तुमचा स्क्रीन इथेच मागतो. नाही दिली तर अडून बसतो. मी सतरा देते, तो खूश होतो. खरी ओल मागाहून भरायला त्यात जागाच नाही."

एवढ्यात एक म्हातारा शेतकरी खिडकीशी आला. त्यानं माझ्या हातावर चार दाणे ठेवले. "चावा," तो म्हणाला. मी चावले. कट्कन आवाज झाला. "चार दिवस उन्हात वाळवलंय. पुढच्या गाडीतलं कालच कापलंय, चावलं तर दाताला चिकटतं. दोघांचं वजन सारखंच कापलं. हे कोणी ठरवलं?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मॅनेजरनंही. मी खिशातून पेन काढलं आणि सवयीनं कागदावर एक चौकोन काढला.

"सार," मॅनेजर म्हणाला, "चित्र नंतर काढा."

बाईनं खुर्ची रिकामी करून दिली. मी बसलो. प्रोग्रॅम उघडला आणि तो अनोळखी माणसासारखा माझ्याकडे बघत राहिला. दोन वर्षांत बोटं गंजली होती. शेवटी मी मॅनेजरच्या ऑफिसात जाऊन फोन लावला. तो मुलीनं उचलला.

"ओल रिकामी ठेवता यायला हवी," मी म्हणालो, "आणि नंतर भरायला वेगळा स्क्रीन."

"मी विचारलं होतं, सार."

"हो."

"कागद आहे ना? लिहा."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. फोन ऑफिसात, कॉम्प्युटर अंगणापलीकडे. चार ओळी लिहायच्या, वाळत घातलेल्या भाताला वळसा घालून पळायचं, टाइप करायचं, चूक आली की परत पळायचं. हमाल थांबून बघत होते. दुपारी चारपर्यंत माझ्या इस्त्रीच्या शर्टाची रया गेली होती, पण स्क्रीन चालला. म्हाताऱ्याच्या भाताची ओल बारा टक्के भरली. त्यानं आभार मानले नाहीत. का मानावेत?

परत आल्यावर मी मालकांकडे कॉम्प्युटर मागितला. पुष्कळ घासाघीस झाली. ठरलं असं, की मी आत बसून काम करायचं. गिऱ्हाईक जिन्यावर दिसलं की बाहेर येऊन काचेच्या टेबलामागे विचार करायचा. काही महिने मी दिवसातून दोनदा-तीनदा असा नेपथ्यातून रंगमंचावर धावत राहिलो. एकदा घाईत हाताला प्रिंटरची शाई तशीच राहिली आणि गिऱ्हाइकानं तोच हात हातात घेतला.

मग त्या मॅनेजरचं पत्र आलं. त्यांच्या दुसऱ्या गिरणीतही तोच प्रोग्रॅम बसवायचा होता. खाली लिहिलं होतं: 'फोनवर बोलणाऱ्या बाईंना पाठवावे. आर्किटेक्टची आवश्यकता नाही.'

मालकांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मुलगी गेली. पहिला दिवस ती नुसती काट्यापाशी उभी राहिली आणि संध्याकाळी फोनवर तिनं मला काय बदलायचं ते सांगितलं. मी ते लिहिलं. ती परतली तेव्हा तिनं माझं काम तपासून त्यात तीन चुका काढल्या. त्यातली एक, मी अजूनही म्हणतो, चूक नव्हती.