मेलेल्या भाताला फुटलेलं पान

भुताखेतांच्या गोष्टी मी कायम हसून सोडून दिल्यात. शिक्षण विज्ञानाचं, काम भात संशोधनाचं... त्यामुळे हे लिहितानाही हात अडखळतोय.

आमचं घर मालवणजवळ, मसुऱ्याला. मी नोकरी करत होते त्या केंद्रात नवीन वाण शोधण्यासाठी भाताच्या बियांवर गॅमा किरण सोडत. कमी डोसमध्ये पेशी डीएनएची मोडतोड दुरुस्त करते, जगते. फार डोस दिला तर दुरुस्ती जमत नाही. गंमत म्हणजे असं बी रुजतं! आधीच्या पेशी पाणी पिऊन फुगतात, कोंब येतो. पण पुढे वाढायला नव्या पेशी हव्यात, आणि विभाजन करायला गेली की पेशी मरते. कोंब थांबतो, पिवळा पडतो. हे मी कितीदा तरी पाहिलेलं.

सुट्टीत बाबांना दाखवायला मी जास्त डोसचं थोडं बी घरी आणलं. मातीत दुसरं बी जिवंत राहू नये म्हणून ती चुलीवर भाजून घेतली, मग कुंडीत पेरलं. कोंब आले, थांबले, पिवळे पडले. मी विषय सोडला.

काही दिवसांनी बाबांनी हाक मारली, "गो, ह्या एक रोप जगला बघ."

खरंच, हिरवंगार!

बियांत एखादं साधं बी मिसळलं असणार, म्हणून खात्री करायला मी मुळाची टोकं, जिथे नव्या पेशी तयार होतात ती, घेऊन फिलूकडे गेले. फिलू माझी एमएस्सीपासूनची मैत्रीण, जवळच्याच कॉलेजात शिकवते. तिच्या लॅबमध्ये स्लाइड केली. पेशी फुगलेल्या, केंद्रकाबाहेर डीएनएचे तुटके तुकडे... आणि विभाजन होणारी एकही पेशी नाही. पुन्हा पुन्हा नवीन मुळं आणली. तेच! आणि इकडे रोपाला पानामागून पान फुटत होतं.

फिलूने माझा खांदा घट्ट धरला. छातीवर क्रूसाची खूण केली. "पेशी मेल्यात, मगे नवीन पान खंयसून येता गो?"

मी केंद्रातल्या माझ्या सरांना कळवलं. फिलूने पाहिलंय, हेही सांगितलं. सरांनी दोघींना केंद्रात बोलावून घेतलं.

फिलू शांतपणे म्हणाली, "सर, मला साध्या पेशी दिसल्या. हिच्याकडून बियांची अदलाबदल झाली असावी."

मी तिच्याकडे वळले. ती सरांकडे बघत होती.

"रोप घेऊन या," सर म्हणाले. मी मिळेल त्या गाडीने घरी आले... कुंडी रिकामी.

"सकाळी तू गेल्यार फिलू इल्ली," बाबा म्हणाले. "तिना सांगल्यान, तूच मागवलंस म्हणान. मी उपटून दिलंय."

म्हणजे सरांसमोर बसली, तेव्हा ती सगळं उरकून आली होती!

तिच्या घरी गेले. दारातच विचारलं, "रोप खंय आसा?"

"खाडयेत सोडलंय. स्लाइडी पण." तिचे डोळे भरले होते. "माका भिती वाटली गो."

"मगे खोटा कित्याक बोललंस?"

"तुका वेडी म्हणतीत तर तू घराक येशीत. माका म्हणतीत तरी त्याच कॉलेजात शिकवूचा आसा."

माझ्यावर निष्काळजीपणाचा ठपका आला, काम काढून घेतलं. त्याच बियांतलं उरलेलं मी नंतर अनेकदा पेरलं. कोंब येतात, थांबतात, मरतात... पुस्तकात लिहिलंय तसंच. ते एक रोप कशावर वाढत होतं, मला आजही सांगता येत नाही.

परवा मालवणच्या बाजारात फिलू समोरून आली. "बरी आसस मां?" म्हणाली.

"बरी आसंय," मी म्हटलं. आणि तिच्या हाताकडे बघत राहिले — ज्याने माझा खांदा धरला होता, आणि ते रोप पाण्यात सोडलं होतं.