लाल फिल्टर आणि दादाचे कान

माझा थोरला भाऊ देवासच्या एका इंजिन कारखान्यात चौतीस वर्षं होता, टेस्टिंग शेडमध्ये. घरात सगळे त्याला दादा म्हणतात, त्याची मुलंसुद्धा. इंजिन सुरू करायचं, लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक त्याला टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि आत काय बिनसलंय ते सांगायचं, हे त्याचं काम. त्याचं निदान सहसा चुकलं नाही. पण त्या शेडच्या गोंगाटानं कान गेले. निवृत्त झाला तेव्हा शाल आणि नारळ मिळाला. कान कोण परत देणार? कानाचं मशीन लावलं की नुसती खरखर होते, म्हणून ते डबीत पडून असतं. समोरच्याचे ओठ बघून तो काय ते समजून घेतो.

त्याचा मुलगा स्वानंद स्वतःची पिकअप चालवतो. लोहारद्याहून लसूण-कांदा भरून धारच्या मंडीत आणतो आणि माझ्याकडे जेवून परत जातो. मागच्या दिवाळीत तरुण नावाच्या मित्राच्या नादानं त्यानं गाडीचा मूळचा कागदी एअर फिल्टर काढला आणि बाजारातला लाल, सुती फिल्टर बसवला.

"आत्या, अब इंजन खुलके साँस लेता है," मला म्हणाला. जसं काही गाडीला प्राणायाम शिकवून आलाय!

दादाला कळलं तेव्हा तो जेवता जेवता थांबला. "इंजिनाला लागते तेवढी हवा कागदातून मिळते. तुझा जुना फिल्टर चोंदला होता. नवा कागदी टाकला असतास तरी गाडी एवढीच मोकळी झाली असती. तू कच्च्या रस्त्यावर चालवतोस, यातून बारीक धूळ आत जाईल. काढ तो."

"दादा, तुम्हाला आवाज नाही ना येत! सुना होता तो आप भी मान जाते."

आवाज खरंच दमदार होता. खोटं कशाला बोलू, मलाही गाडीत जोर आल्यासारखा वाटला होता. एका दादालाच तो वाटला नाही, कारण त्याच्यापर्यंत आवाज पोचतच नव्हता.

चैत्रात दादा कारखान्यातलं जुनं स्टॉपवॉच घेऊन धारला आला. अमझेऱ्याच्या रस्त्यावर एक चढ आहे. गाडीत वीस कट्टे लसूण, मधे मी वही घेऊन. खालच्या पुलापासून वरच्या देवळापर्यंत तीन फेऱ्या लाल फिल्टरवर, तीन नव्या कागदी फिल्टरवर. कागदीला बावन्न, एक्कावन्न, बावन्न सेकंद. लालला बावन्न, त्रेपन्न, एक्कावन्न. दादानं वही स्वानंदच्या मांडीवर ठेवली. त्यानं पाहिली आणि हसला. "घड़ी से क्या होता है, दादा? चलानेवाले को पता चलता है." आणि लाल फिल्टर परत बसवला. मला इतका राग आला होता की त्या दिवशी मी स्वानंदला दुसरी पोळी विचारली नाही.

खंडेनवमीला मी देवासला होते. आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात आणि दसऱ्यापर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. पाटावर मधोमध दादाचा पेचकस. पूजा आटोपते तोच दारात पिकअप आली, मागे निळसर धूर. गाडी महिनाभर तेल पीत होती, चढावर दम टाकत होती. एक मेकॅनिक इंजेक्टर म्हणे, दुसरा क्लच.

"दादा, ज़रा सुनके बताओ ना," स्वानंद कळवळून म्हणाला. "अजीब आवाज येतोय. तुमच्यासारखं कोणाला कळत नाही."

माझं डोकंच फिरलं. म्हणे सुनके बताओ! पण पोराचं तोंड एवढंसं झालं होतं. काय बोलतोय याचं त्याला भान नव्हतं. दादा त्याच्या ओठांकडे बघत राहिला. मग उठला आणि पाटावरचा पेचकस उचलला.

"अहो, आज नाही!" शशिकलावहिनी ओरडली. तिच्याकडे त्याची पाठ होती.

चालत्या इंजिनाला त्यानं टोक टेकवलं, कुंकू लागलेली मूठ दातात घट्ट धरली आणि डोळे मिटले. ऐकू येत नव्हतं, पण हादरे तरी दातांतून कळतील, म्हणून. बराच वेळ तो तसाच वाकून उभा होता. मग त्यानं इंजिन बंद करायला लावलं, फिल्टरकडून इंजिनात जाणारा पाइप सोडवला आणि आतून रुमाल फिरवला. रुमालावर मैद्यासारखी मऊ, तांबूस धूळ आली.

"पिस्टन ढिले झालेत," दादा म्हणाला. "धुळीनं खाल्लं. पूर्ण इंजिन उघडावं लागेल." ओठाला कुंकू लागलं होतं.

स्वानंद मान खाली घालून पुटपुटला, "पहले ही ज़ोर देके बोलना था ना, दादा."

मान खाली होती, त्यामुळे दादाला ओठ दिसले नाहीत. त्यानं माझ्याकडे बघितलं. "काय म्हणतोय?"

आयुष्यात मी कधी कोणाची भीड ठेवली नाही. पण हे मला दादाला सांगवेना.

"चहा घेणार का विचारतोय," मी म्हटलं.

"अर्धा कप," दादा म्हणाला, आणि पेचकस पुसायला लागला.