कुंभकर्णाचा गाल

डोंगरावर ज्यांचे बंगले होते त्यांच्याकडे सगळं होतं, फक्त बरी जमीन नव्हती. गोल्फ खेळणाऱ्याला चेंडू हलकेच भोकात ढकलायची तालीम करायला अंगणाएवढी हिरवळ लागते, आणि त्या खडकावर खरं गवत तग धरत नाही. म्हणून ते कुंभकर्णाला बोलावत. तो प्लॅस्टिकच्या गवताची हिरवळ घालून देई. खाली धुम्मसाने ठोकलेली खडीची भुकटी, वर गवताच्या पट्ट्या, आणि पात्यांच्या मुळाशी झाडूने भरलेली बारीक वाळू. हिरवळ अगदी सपाट करूनही भागत नसे. चेंडूने जाता जाता जरा वळावं, रुसल्यासारखं रेंगाळावं आणि मग भोकात पडावं, एवढा उतार तिच्यात हवा.

हे नाव त्याला त्याच्या कामाच्या रीतीमुळे पडलं होतं. भुकटी ठोकून झाली की तो तिच्यावर आडवा होई, उजवा गाल जमिनीला लावी आणि एक डोळा मिटून उतार बघे. थोड्या वेळाने दुसरा डोळाही मिटे. पाणसळ पिशवीतच पडून राही.

"पाणसळीला फक्त सपाट कळतं," तो म्हणे. "चेंडूच्या मनातलं गालाला कळतं."

झोपेत त्याला बहुधा एकच स्वप्न पडे. दावं सुटलेल्या नावेसारखा डोंगर ढगांतून निघालाय, भुकटी उबदार आहे आणि कुठे जायचं ते डोंगराला ठाऊक आहे. जाग आली की बायको दंताळं घेऊन कडेला बसलेली दिसे. पट्ट्यांचे सांधे चिकटवायचं काम तिचं. तिच्याही गालावर पांढरी भुकटी असे.

"तूही घोरत होतीस वाटतं?"

"मग काय तुमची राखण करू?" ती म्हणे, आणि दोघं गवत अंथरायला लागत.

दोन वर्षांपूर्वी तो तापातून उठला तेव्हापासून त्याचा उजवा कान गुणगुणू लागला होता, आणि उभं राहिलं की डोंगर एका अंगाला कलू लागला होता. हे त्याने बायकोलाही सांगितलं नाही. उतार घालणाऱ्याचं डोकंच कलतं हे कळलं तर दारात कोण उभं करील? आणि या कामाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं, आवडतही नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत तो गाल टेकत राहिला. नवल म्हणजे हिरवळी पूर्वीसारख्याच सरस निघत राहिल्या. गाल शाबूत आहे, अशी त्याने मनाची समजूत घातली.

मग एका निवृत्त वैमानिकाचं काम आलं. सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. बंगला अगदी कड्यावर होता. बायको बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती, त्यामुळे कुंभकर्ण एकटाच होता. भुकटी ठोकून तो आडवा झाला आणि खालून ढग वर आला. बंगला गेला, कुंपण गेलं, स्वतःचे हातसुद्धा दिसेनासे झाले. सगळीकडे दुधासारखं पांढरं. त्या दिवशी जागेपणी आणि झोपेत काही फरकच उरला नाही. तो सुखाने निजला, उठला, गवत अंथरलं, सांधे चिकटवले, वाळू भरली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. कॅप्टन काठी घेऊन आले आणि त्यांनी चेंडू हलकेच ढकलला. चेंडूने भोकाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो वळला, वेग घेत कडेपर्यंत गेला आणि दरीत नाहीसा झाला. दुसराही गेला. तिसरा कुंभकर्णाने स्वतः ढकलला. तोही गेला.

"माहेरची ओढ लागल्यासारखे पळताहेत," कॅप्टन म्हणाले. मग त्यांनी कुंभकर्णाकडे नीट पाहिलं. तो कुंपण धरून उभा होता. "कान का?"

त्याच्या तोंडून "हो" निघून गेलं.

"मलाही विमानातून कानानेच उतरवलं," कॅप्टन पायरीवर बसत म्हणाले. "ढगात शिरलं की शरीर खोटं बोलतं. वाकडं जात असतो आणि वाटतं, सरळ चाललोय. तेव्हा स्वतःचं ऐकायचं नाही. शेजारी बसून यंत्रांचे काटे वाचतोय त्याचं ऐकायचं."

कुंभकर्ण परत चालला तो एकच गोष्ट घोळवत. कान बिघडून दोन वर्षं झाली, मग मधल्या हिरवळी सरस कशा निघाल्या? बसथांब्यावर त्याला बायकोच्या गालावरची भुकटी आठवली. तिच्या हातातलं दंताळंही आठवलं. सांधे चिकटवायला दंताळं लागतं कशाला? बस आली आणि गेली, तरी तो तिथेच बसून होता. त्याला आधी संताप आला, मग लाज वाटली. नंतर एवढं हलकं वाटलं की रडू फुटलं. त्याने तिला फोन केला आणि फक्त "ये" म्हणाला.

ती कॅप्टनच्या बंगल्यावर आली तेव्हा त्याने सगळं गवत उचकटून गुंडाळून ठेवलं होतं.

"किती दिवस माझ्यामागे उतार नीट करत होतीस?"

तिने आढेवेढे घेतले नाहीत. "तुमच्या तापानंतरच्या पहिल्या कामापासून. तुम्ही घोरत होतात. गंमत म्हणून मीही गाल टेकला, तर सगळं दरीकडे चाललेलं."

"मला उठवायचं नाही?"

"उठवलं असतं तर तुम्ही काम सोडून घरात तोंड पाडून बसला असतात. आणि तुम्ही हो? कान दाबत कलत चालता, ते काय मला दिसत नव्हतं? कधी सांगणार होतात?"

त्याने दंताळं उचललं आणि भुकटीकडे हात केला.

"आज तू टेक गाल. मी जागा राहतो."

ती आडवी झाली आणि तिने एक डोळा मिटला. खालून पुन्हा ढग चढत होता. भुकटीचं घमेलं शेजारी घेऊन तो पाय फाकवून उभा राहिला. कान गुणगुणत होता. त्याच्या डोळ्यांसमोर डोंगर हळूहळू डावीकडे कलत होता, आणि भर डावीकडेच टाकायला हवी याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

"तुमच्या उजव्या पायाशी," ती जमिनीवरून म्हणाली. "मूठभर."

त्याने उजव्या पायाशी मूठभर भुकटी टाकली.